शिखरजीची वाट : पूर्वीची आणि आमची

पूर्वीच्या काळी तीर्थयात्रा ही एकट्यादुकट्याने करावयाची गोष्ट नव्हती. वाटेत चोरांचे भय, पूर आलेल्या नद्या, परक्या मुलखातील जकात. म्हणून संघ निघत. संघाचा भार उचलणारा तो संघपती. हा मान पुढे कुळाच्या नावालाच चिकटला. ‘संघवी’ हे आडनाव त्यातूनच आले.

अशा एका संघाची हकीकत कविवर बनारसीदासांनी सन 1641 मध्ये लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात आढळते. बनारसीदास व्यापारीच होते. जौनपूरचे कापड आग्र्यास नेऊन त्यांनी खोट खाल्ली, हे वाचताना आम्हां कापडवाल्यांना ते घरचेच वाटतात. संवत 1661 च्या, म्हणजे सन 1604 च्या, चैत्रात शहजादा सलीम यांचे जवाहिरे हीरानंद मुकीम यांनी प्रयागहून सम्मेदशिखरजीचा संघ काढला. गावोगावच्या श्रावकांना पत्रे गेली. बनारसीदासांचे वडील खडगसेन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. पत्र हाती पडताच ते घरदार मागे ठेवून, घोड्यावर बसून निघाले. संघाला यात्रा घडली; परंतु अनेक यात्रेकरू आजारी पडले, काही दगावले. खडगसेनही आजारी होऊनच जौनपूरला परतले.

विसाव्या शतकात वाट सोपी झाली. सन 1906 मध्ये ग्रँड कॉर्ड लोहमार्ग सुरू झाला आणि आगगाडी पारसनाथच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागली. तथापि पायी संघ थांबले नाहीत. आचार्य शांतिसागर महाराजांचा संघ सन 1927 मध्ये दक्षिणेतून निघून 1928 मध्ये शिखरजीला पोहोचला.

मात्र डोंगर होता तेवढाच राहिला. वीस तीर्थंकरांच्या या निर्वाणभूमीची वंदना म्हणजे चढ, टोंकांची फेरी आणि उतार मिळून सुमारे 27 किलोमीटर. यात्रेकरू मध्यरात्रीनंतर काठी घेऊन निघतात. आमच्या बेताची अडचण इथेच आहे.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही चार मित्रांनी ठरविले होते की, दुकाने मुलांच्या हाती दिली की सपत्नीक शिखरजीला जायचे. एकट्याने आधी जायचे नाही, हीही अट. मग कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाच्या दुकानाची वाढ. सन 2020 ची तिकिटे काढलेली होती, ती टाळेबंदीत रद्द झाली. त्यानंतरच्या वर्षी आमच्यातील एक जण गेला. सर्वांत जास्त घाई त्यालाच होती, आणि ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे दरवेळी म्हणणारा मी होतो. खडगसेनांचा घोडा मला अलीकडे वारंवार आठवतो तो यामुळे.

आता माघ महिन्याचे ठरले आहे. लग्नसराई आहे, पण गल्ला चिरंजीव सांभाळतील. सौ.चे दोन्ही गुडघे अधू असल्याने तिच्यासाठी डोली करावी असा माझा आग्रह. तिचे म्हणणे, पहिल्या टोंकापर्यंत तरी मी चालेन. हा वाद अद्याप मिटलेला नाही. आमची गाडी प्रयागराज, गया अशी जाते; म्हणजे हीरानंदांचा संघ जिथून निघाला तेथूनच आम्हीही पुढे जाऊ. दिवंगत मित्राच्या पत्नीला विचारावे की नाही, असा संकोच होता. वहिनींनी स्वतःच फोन करून विचारले, “माझे तिकीट काढले ना?” चार जोडप्यांची आठ तिकिटे व्हायची, आम्ही सात काढली आहेत.