आधी पाणी, मग बाप्तिस्मा: लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट

आजची गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली. बजाजनगरहून नगर रोड धरला की शंभरएक किलोमीटरवर नगर लागतं, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही तिथूनच निघालं.

मराठी ख्रिस्ती लोक चर्चमधल्या समुदायाला 'मंडळी'च म्हणतात. नगरच्या या मंडळ्यांमध्ये बहुतेक लोक महार आणि मांग समाजांतून आलेले. ब्राह्मण अगदी थोडे. म्हणजे देव एक, प्रार्थना एक. पण पाण्याचा तांब्या एक का? खरा प्रश्न इथे होता.

योहानाच्या पहिल्या पत्रात या प्रश्नाचं उत्तर आहे. देवावर प्रेम आहे असं म्हणायचं आणि शेजारच्या भावाला दूर ठेवायचं, हे त्या पत्राला मान्यच नाही. वाचायला सोपं आहे. पण १९व्या शतकातल्या महाराष्ट्रात हे पाळायचं म्हणजे काय, ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधून कळतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके कडक सोवळ्याचे, की बाजारातून आलेल्या वस्तूही धुऊन घरात घ्यायच्या. लग्न झालं कवी नारायण वामन टिळकांशी. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलं. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या, पण स्वतःचा धर्म सांभाळून. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. घरी येणारी-जाणारी माणसं टिळकांची भावंडं, पण लक्ष्मीबाईंसाठी त्यांचा स्पर्श म्हणजे विटाळ.

मग त्यांनी स्वतःशीच विचार सुरू केला. जाती देवाने केल्या की माणसाने? जन्म सारखा, मरण सारखं, हाडामांसाचा देह सारखा. मग देवाने भेद कुठे ठेवला? उत्तर मिळालं आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, म्हणजे या निर्णयानंतर.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला वाटतं, आधी देवावर श्रद्धा बसते, मग माणसांवर प्रेम आपोआप येतं. इथे उलटं झालं. आधी माणसांच्या हातचं पाणी, मग देवाच्या नावाचं पाणी. आपल्या भाषेत सांगायचं तर बाप्तिस्मा म्हणजे लॉगिन. पण आत गेल्यावर कोणाशेजारी बसायचं, ते लॉगिन ठरवत नाही. ते रोज आपणच ठरवतो.

टिळकांनी ही ओळ अजून पुढे नेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. म्हणजे 'भाऊ' कोणाला म्हणायचं, याची रेघच त्यांनी लांब नेली. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपात येऊ लागलं.

आता म्हणाल, हे सगळं जुनं झालं. खरंच? आपल्या भागात कंपनीत कामाला येणारी पोरं जिल्ह्या-जिल्ह्यांतून येतात. लाईनवर सगळे एकत्र, चहा एकत्र. पण रूम बघायला गेलं की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो. आणि हे कोणा एका धर्मातच होतं असंही नाही.

म्हणून ही गोष्ट फक्त ख्रिस्ती लोकांची राहत नाही. तुम्ही देवळात जा, मशिदीत जा, विहारात जा नाहीतर चर्चमध्ये. बाहेर आल्यावर शेजारच्याच्या डब्यात हात घालता येतो का, एवढंच बघायचं. लक्ष्मीबाईंना ते जमायला अर्धं आयुष्य लागलं, पण जमलं.

'स्मृतिचित्रे' मिळालं तर नक्की वाचा, भाषा एकदम गप्पांसारखी आहे. भेटू पुढच्या भागात!