पहाऱ्यावरून सोबतीकडे

बंगळुरूला पोस्टिंग आली की मराठी माणसाला आधी शहाजीराजांची जहागीर आठवते. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आज होसूर रोडवरच्या निमहान्सबद्दल, आणि तेही तिथल्या डॉक्टरांपेक्षा नर्सेसबद्दल.

आपल्याकडे 'येरवड्याला पाठवा' हा विनोद जुना आहे. येरवड्यात तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही. विनोद करणाऱ्याला त्यातला कुठला येरवडा हे सांगावं लागत नाही. इतिहास पाहिला तर त्याचं फारसं चुकतही नाही. बंगळुरूचं 'लूनॅटिक असायलम' १८४७ चं. त्या काळातल्या अशा संस्थांमध्ये रुग्णाजवळ दिवसभर असायचा तो वॉर्डर. मोजणी करायची, कुलूप लावायचं, कुणी पळून जाणार नाही हे बघायचं. थोडक्यात, गार्ड ड्यूटी. त्याच्याकडून दुसरी कसली अपेक्षाच नव्हती.

१९२५ मध्ये इथली पाटी बदलून 'म्हैसूर गव्हर्नमेंट मेंटल हॉस्पिटल' झाली. पाटी बदलली म्हणून माणसं बदलत नाहीत, हे फौजेत काढलेल्यांना मी सांगायला नको. १९४६ च्या भोर समितीसाठी मूर टेलर या अधिकाऱ्याने देशभरातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली. त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता: ही ठिकाणं माणसं डांबून ठेवायला बांधली आहेत, बरी करायला नाहीत. तेव्हा मानसोपचाराचं शिक्षण घेतलेल्या नर्सेस देशात जवळपास नव्हत्याच. १९४८ ते ५० च्या दरम्यान सरकारने त्यासाठी नर्सेस इंग्लंडला पाठवल्या, त्या चार. एवढ्या मोठ्या देशातून चार!

१९५४ च्या डिसेंबरात बंगळुरूच्या या रुग्णालयाला जोडून अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक. १९५६ मध्ये तिथे नर्सेससाठी मानसोपचार शुश्रूषेचा खास अभ्यासक्रम सुरू झाला. माझ्या मते या जागेच्या इतिहासातली खरी कलाटणी ती आहे, १९७४ मध्ये दोन्ही संस्था एक होऊन 'निमहान्स' हे नाव आलं ती नव्हे. रुग्णाजवळ बसून बोलणं हे फावल्या वेळचं पुण्यकर्म न राहता शिकायचं, शिकवायचं आणि तपासायचं काम झालं.

हा विचार जगात जिने पक्का मांडला ती बाई फौजी होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. हिल्डेगार्ड पेप्लाऊ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आर्मी नर्स कॉर्प्समध्ये होत्या. इंग्लंडमधल्या लष्करी मानसोपचार रुग्णालयात त्यांनी आघाडीवरून मोडून आलेले सैनिक पाहिले. पुढे त्यांनी पुस्तक लिहिलं. ते १९४८ ला तयार होतं, छापून आलं १९५२ ला, कारण डॉक्टरचं नाव न जोडता एकट्या नर्सने असं पुस्तक काढणं तेव्हा पचणारं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं. नर्स आणि रुग्ण पहिल्या दिवशी एकमेकांना परके असतात. हळूहळू रुग्णाला कळतं की इथे कोणावर भरवसा टाकता येईल. मग तो त्या भरवशाच्या आधाराने स्वतःच्या अडचणी हाताळायला लागतो. आणि शेवटी हे नातं सोडवून घ्यायचं असतं. हा शेवट पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो. नर्सने स्वतःच्या मनात काय चाललंय, राग येतोय की कीव, यावरही नजर ठेवायची. नुसत्या चांगुलपणाने हे जमत नाही, त्याला कवायत लागते.

भारताने त्यात आपली भर घातली ती अमृतसरला. फाळणीनंतर, १९५० मध्ये, लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू-शीख रुग्ण अदलाबदलीत इकडे आले. मंटोची 'टोबा टेक सिंग' याच अदलाबदलीवरची. त्याच अमृतसरच्या रुग्णालयात पुढे डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना त्यांत राहायला बोलावलं. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. वेल्लोरला आणि नंतर निमहान्समध्येही कुटुंबाला सोबत ठेवण्याची पद्धत आली. नर्सला आता रुग्णाबरोबर त्याच्या आईशी, बायकोशीही काम करायचं होतं.

तरी सगळं वेगाने झालं असं नाही. हा विषय बी.एस्सी. नर्सिंगमध्ये १९६५ ला आला, पण जिल्ह्याच्या दवाखान्यात भेटणाऱ्या साध्या डिप्लोमाच्या नर्ससाठी तो सक्तीचा व्हायला १९८६ उजाडलं. आणि २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. वॉर्डरचा काळ संपला असं कोणी म्हणालं तर मला ती तारीख आठवते.

आपल्याकडे 'शेप'मधलं पहिलंच अक्षर मनाचं आहे, आणि सगळ्यात जास्त लपवलं जातं तेही तेच. गुडघा गेला तर जवान मेसमध्ये सांगतो. झोप गेली तर बायकोलाही सांगत नाही. माझ्या पलटणीतल्या एका नायकाला लष्करी रुग्णालयात दाखल केलं, तेव्हा त्याच्याच तालुक्यातला शिपाई एस्कॉर्ट म्हणून गेला होता. परतल्यावर मी त्याला विचारलं, तिथे काय काम होतं? म्हणाला, "साहेब, पहिले दोन दिवस दाराशी बसलो. मग मॅडम म्हणाल्या, खुर्ची आत आण. कुठल्या गावचे, पाऊस कसा आहे, तेवढंच बोल. मग तेच केलं." आमच्या एस्कॉर्टच्या हुकमात यातलं काही लिहिलेलं नसतं.

नायक कॅटेगरी घेऊन परत आला, पुढे बोर्डावर ती सुधारलीही. पण निवृत्त माणसाला ना पलटण असते ना एस्कॉर्ट. खुर्ची आत आणायला असते ती बायको, आणि तिला कोणी शिकवलेलं नसतं. त्यांच्यासाठी एक माहिती: 'टेलि-मानस' ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचं शिखर केंद्र निमहान्समध्येच आहे, आणि सेनादलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्यात एएफएमसीमध्ये आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तर चालतो.