नळीचे माप

वालूरसारख्या गावातल्या एखाद्या मुलाने वा मुलीने निशाणेबाजीसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची म्हटले, तर ती कोणत्या कॅलिबरची घ्यावी? अमेरिकेत हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर सुटतो. आपल्याकडे त्याच्या आड दीडशे वर्षांचा इतिहास येतो. सेलू तालुक्यातल्या या गावाची ओळख तिथल्या चक्राकार बारवेने होते, बंदुकीने नव्हे. पण गावच्या पोरांपर्यंत कोणती बंदूक पोहोचली आणि कोणती नाही, हाही इतिहासच आहे.

आधी मापांचा घोळ निस्तरू. गावात ‘बारा बोर’ सर्वांना ठाऊक असते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा व्यास तो बारा बोर. म्हणजे इथे आकडा वाढला की नळी अरुंद होते. रायफलीचे माप मात्र सरळ इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे इंचाचे ३०३ सहस्रांश, सुमारे ७.७ मिलिमीटर. शिवाय नळीचे माप म्हणजे काडतूस नव्हे. एसएलआर आणि एके-४७ दोन्ही ७.६२च्या, पण पहिलीची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, दुसरीची ३९. एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही.

१८५७ नंतर इंग्रजांना एक गोष्ट पक्की कळली होती : चांगली बंदूक कोणाच्या हाती असावी, हे सरकारने ठरवायचे. १८७८चा शस्त्रकायदा त्यातूनच आला. पण परवान्यापेक्षा बोलकी गोष्ट नळीत दडलेली आहे. ली-एनफिल्ड ही लष्कराची .३०३ रायफल बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनत असे. त्याच सांगाड्याच्या रायफली नळीतले पेच नसलेल्या, गुळगुळीत .४१० बोरच्या करून पोलीस आणि पहारेकऱ्यांना देण्यात आल्या. त्यात एका वेळी एकच काडतूस भरायचे. हेतू उघड आहे. शिपाई उलटला किंवा बंदूक हिसकावली गेली, तरी तिचा पल्ला थोडाच राहावा. तिसरे रूप .२२चे, सरावासाठी. सांगाडा एकच, सैनिकाला, शिपायाला आणि शिकाऊ पोराला त्याची नळी वेगळी.

उरला परवानाधारक. त्याच्यासाठी .३१५ आली. तिचे काडतूस जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसाच्या वळणाचे. लष्कराचे चोरलेले काडतूस तिच्यात चालू नये, एवढाच तिचा मोठा गुण. स्वातंत्र्यानंतरही हीच विचारसरणी राहिली. १९५९चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या नियमांनी .३०३ व ७.६२ बोरच्या आणि लष्करी काडतूस चालेल अशा सर्व रायफली निषिद्ध गटात टाकल्या. सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रेही सर्वसाधारणपणे त्याच गटात गेली.

मराठवाड्यात या संशयाला आणखी एक पदर आहे. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९४७-४८मध्ये रझाकारांच्या हाती बंदुका होत्या आणि बहुतेक गावकऱ्यांच्या हाती गोफणी, भाले, कुऱ्हाडी. सप्टेंबर १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर पारडे फिरले. त्या काळात मुस्लिमांवर झालेल्या हिंसाचाराची नोंद सुंदरलाल समितीने केली आहे. बंदूक फक्त एकाच बाजूला असली की काय होते, हे या भागाने दोन्ही बाजूंनी पाहिले. त्यामुळे ‘बंदुकीचा खेळ’ हे शब्द इथे सहज तोंडी बसले नाहीत.

आता सेमी-ऑटोमॅटिककडे वळू. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढचे काडतूस नळीत जाते. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान .३०३ घेऊन लढले. त्यानंतर ७.६२ची एसएलआर आली आणि १९९०च्या दशकात ५.५६ची इन्सास. ७.६२ची गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅमची, नळीतून सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास वेगाने निघते. हिशेब केला तर ऊर्जा ३,३०० ज्यूलच्या वर जाते. ५.५६ची गोळी चार ग्रॅमची, ऊर्जा जवळपास निम्मी. .२२च्या अडीच ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलही नाही. जड गोळी दूरवर वाऱ्याला कमी दबते, पण खांद्याला धक्का मोठा देते. चाळीस-पन्नास बार झाले की तो धक्का पुढच्या चापाआधीच डोळा मिटायला लावतो.

निशाणा मात्र ऊर्जा विचारत नाही. प्रत्येक बार मागच्यासारखाच हवा, एवढेच तो मागतो. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. तिथे आंतरराष्ट्रीय नियमांनी .२२ हेच माप ठरवले आहे, आणि रायफल एकेक काडतूस भरायचीच. हलते भाग कमी, पकड घट्ट, घाई नाही. सेमी-ऑटोमॅटिकला जागा आहे ती पंचवीस मीटर पिस्तुलात, तीही.२२चीच. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात सुवर्ण मिळवले. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य घेतले. दोघांच्याही रायफली .२२च्या.

म्हणजे सरकारने भीतीपोटी जे लहान माप शिकाऊ पोरासाठी ठेवले, तेच नेमबाजीचे खरे माप निघाले. .४१० आणि .३१५ संशयातून जन्मल्या आणि संशयापुरत्याच उरल्या. .२२ तेवढी एनसीसीच्या मैदानातून खेड्यांतल्या मुलांच्या खांद्यापर्यंत आली. त्याही खालची पायरी .१७७ची एअर रायफल. वीस ज्यूलच्या आतली असेल, तर तिला परवानाही लागत नाही. दहा मीटरवरच्या तिच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

तेव्हा वालूरच्या मुलीला उत्तर द्यायचे तर ते असे : .१७७ने सुरुवात कर, .२२वर थांब, आणि सेमी-ऑटोमॅटिकचा मोह पिस्तूल हाती येईपर्यंत ठेव. तिला लागेल ती दहा मीटर सपाट जागा, बरा उजेड, आणि गोळी अडवणारी मागे एक भक्कम भिंत. अशी जागा दर तालुक्याला एक तरी व्हावी. कॅलिबरचा वाद मग आपोआप मिटेल.