‘बफर’ची देवाणघेवाण : उपकरण आणि अॅप्लिकेशन यांच्यातील माहितीची वाट

संगणकाला कॅमेरा किंवा नेटवर्क कार्ड जोडले, तरी अॅप्लिकेशनला त्याच्याशी सहसा थेट व्यवहार करता येत नाही. कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे ‘कर्नल’ आणि त्या उपकरणाचा ‘ड्रायव्हर’ यांच्यामार्फतच हा व्यवहार होतो. येणारी-जाणारी माहिती स्मृतीच्या ज्या भागात तात्पुरती ठेवली जाते, त्याला ‘बफर’ म्हणतात. या बफरची देवाणघेवाण कशी होते, यावर यंत्रणेचा वेग बराचसा अवलंबून असतो.

सर्वांत सोपी पद्धत ‘रीड’ आणि ‘राइट’ची. यात कर्नल आपल्या बफरमधील माहितीची प्रत अॅप्लिकेशनच्या बफरमध्ये उतरवतो. कीबोर्डसारख्या उपकरणासाठी हे पुरेसे आहे. चित्रफितीचे गणित मात्र वेगळे. १९२० बाय १०८० बिंदूंच्या चित्रात प्रत्येक बिंदूला २ बाइट धरले, तर एक चित्र सुमारे ४१ लाख बाइटचे होते. सेकंदाला ३० चित्रे आली, की दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक बाइटची नक्कल करावी लागते. त्यात प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो.

यावर उपाय ‘मेमरी मॅपिंग’चा. स्मृतीचा एकच भाग ड्रायव्हर आणि अॅप्लिकेशन या दोघांनाही उपलब्ध करून दिला जातो. लिनक्समधील ‘व्हिडिओ फॉर लिनक्स २’ या व्यवस्थेत अॅप्लिकेशन रिकामे बफर रांगेत लावते, ड्रायव्हर ते उपकरणाकडून भरून घेतो आणि अॅप्लिकेशन भरलेला बफर उचलून, काम संपताच तो पुन्हा रांगेत ठेवते. माहिती जागची हलत नाही. बदलतो तो फक्त ताबा. अॅप्लिकेशनने स्वतःची स्मृती ड्रायव्हरला वापरण्यास देणे, हा आणखी एक पर्याय. २०१२ मध्ये लिनक्स ३.३ सोबत आलेल्या ‘डीएमए-बफ’मुळे एकच बफर निरनिराळ्या उपकरणांच्या ड्रायव्हरनाही वापरता येऊ लागला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला महासंगणकाच्या निमित्ताने महत्त्व आले. प्रगत महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या ‘व्हीएनआयटी’तून, १९६५ मध्ये पदवी घेतलेले डॉ. विजय भटकर या प्रकल्पाचे प्रमुख होते. ‘परम’ मालिकेत अनेक प्रोसेसर जोडून एकत्र काम करवून घेतले जाई. त्यामुळे त्यांच्यात संदेश किती वेगाने फिरतात, हे निर्णायक होते. ‘सी-डॅक’ने त्यासाठी ‘परमनेट’ हे नेटवर्क आणि ‘क्षिप्रा’ ही हलकी संदेशप्रणाली विकसित केली. प्रत्येक संदेशासाठी होणारा कर्नलचा फेरा टाळणे, हे या मार्गामागील सूत्र. ‘परमनेट’ची दुसरी आवृत्ती वापरणारा ‘परम पद्म’ २००३ च्या जागतिक ‘टॉप ५००’ यादीत १७१ व्या स्थानी होता.

नक्कल टाळल्याने वेग मिळतो, पण जबाबदारीही वाढते. उपकरण बफर भरत असतानाच अॅप्लिकेशनने तो वाचला, तर अर्धे जुने आणि अर्धे नवे चित्र हाती येते. त्याहून गंभीर धोका सुरक्षेचा. ड्रायव्हरने मर्यादा न तपासता स्मृती खुली केली, तर एखादे अॅप्लिकेशन इतरांची गुप्त माहितीही वाचू शकते. म्हणूनच बफर कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याची हद्द कुठवर आहे, या दोन गोष्टी काटेकोरपणे ठरवणे हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे पहिले काम ठरते.