वेळूचें ऑर्गन

आपल्या संगीत रंगभूमीनें ऑर्गन म्हणून जें वाद्य जवळ केलें, त्यांत नळ्या नसतात. पायांनीं भाता चालवून त्यांतील धातूच्या जिभा बोलत्या करावयाच्या असतात. ख्रिस्ती देवालयांतील मूळचें ऑर्गन याहून निराळें. तेथें भात्याची हवा एका पेटींत सांठविलेली असते. पट्टी दाबली कीं त्या सुराच्या नळीचें दार उघडतें आणि नळी अलगुजाप्रमाणें वाजूं लागते. एका नळीला एकच सूर; म्हणून अशा वाद्याला शेंकडों, प्रसंगीं हजारों नळ्या लागतात. युरोपांत त्या बहुधा कथील व शिसें यांच्या मिश्रणाच्या किंवा लांकडाच्या करितात.

फिलिपाइन्समध्यें मनिलाजवळील लास पिन्यास येथील देवालयांत मात्र ऑर्गनाच्या १०३१ नळ्यांपैकीं ९०२ नळ्या वेळूच्या आहेत! दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूनें १८१६ मध्यें हें काम आरंभिलें. कीड लागूं नये म्हणून त्यानें वेळू समुद्रकांठच्या वाळूंत पुरून ठेविला आणि त्यांतून टिकला तेवढाच घेतला. १८२१ मध्यें वाद्य वाजूं लागलें. परंतु त्यांत तुतारीचे सूर नव्हते. तो खणखणीतपणा वेळूंतून निघेना, तेव्हां त्या नळ्या त्यानें धातूच्या केल्या आणि स्पॅनिश प्रथेप्रमाणें सभागृहाकडे तोंड करून आडव्या बसविल्या. १८२४ मध्यें वाद्य पुरें झालें.

वेळू ही केवळ गरिबीची तडजोड होती काय? काटकसरीचा विचार त्यांत असेलही. तथापि जेथें धातूवांचून चालत नव्हतें तेथें त्यानें धातूच वापरला. म्हणजे वेळू किती देऊं शकेल आणि कोठें थांबेल, याची पारख या रचनेंतच दिसून येते.

पुढें भूकंप आणि वादळें यांनीं या वाद्याची दुर्दशा झाली. १९७३ मध्यें तें दुरुस्तीसाठीं जर्मनींत बॉन येथील क्लाइस यांच्या कारखान्यांत गेलें. थंड व कोरड्या हवेंत वेळू तडकला असता. म्हणून तेथें एका दालनांत फिलिपाइन्सची उष्ण, दमट हवा कृत्रिम रीतीनें निर्माण करावी लागली. १९७५ मध्यें तें स्वस्थानीं परतलें.

या वाद्याचा आराखडा युरोपांतून आला हें खरें. पण त्याचा देह लास पिन्यासच्या मातीचा आहे. उसन्या विद्येला स्वदेशीं रुजवावयाचें तें कसें, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.