टी. नरसीपूर : संगम आणि वाळू

म्हैसूरच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरांवर टी. नरसीपूर हे तालुक्याचे गाव आहे. नावाच्या आरंभीचा ‘टी’ म्हणजे ‘तिरुमकूडलु’ या जुन्या नावाचा संक्षेप होय. कानडीत ‘कूडलु’ म्हणजे संगम. मराठी माणसाला हा शब्द अगदीच परका नाही. सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीना जेथे मिळतात, तेथे हत्तरसंग कुडल आहे, आणि तेथील मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे.

नरसीपुरास कोडगूतून येणारी कावेरी आणि वायनाडच्या डोंगरांतून येणारी कपिला, म्हणजेच कबिनी, यांचा संगम होतो. प्रयागाच्या गुप्त सरस्वतीप्रमाणे येथेही स्फटिक सरोवर अदृश्य रूपाने येऊन मिळते, अशी श्रद्धा आहे. १९८९ पासून येथे दर तीन वर्षांनी कुंभमेळ्याची प्रथा सुरू झाली. गावच्या देवाला गुंजा नरसिंह म्हणतात. सोनाराच्या तराजूत गुंजेला जे मोल, तेच येथे पुण्याला! काशीपेक्षा हे क्षेत्र गुंजभर अधिक, असे भाविक मानतात.

मनुष्यवस्ती मात्र या कथांहून कितीतरी जुनी आहे. १९५९ ते १९६५ या काळात येथे झालेल्या उत्खननांत नवाश्मयुगीन वस्तीचे अवशेष आणि दफने सापडली. मृताच्या मानेखाली ठेवण्याची भाजलेल्या मातीची उशीही त्यांत होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातील त्या लोकांनी आपल्या माणसाला निजवावे तसे मातीआड केले होते.

संगमावरील अगस्त्येश्वराची कथा वाळूची आहे. काशीहून लिंग आणण्यास गेलेला हनुमान वेळेवर परतला नाही, तेव्हा अगस्त्यांनी नदीच्या वाळूचेच लिंग घडविले, असे सांगतात. येथे वाळूचा देव झाला; पण याच तालुक्यात, प्रवाहाबरोबर खाली गेल्यावर, तलकाडला वाळूनेच देवळे गिळली. तलकाड ही गंग राजांची राजधानी. अकराव्या शतकाच्या आरंभी ती चोळांनी घेतली, आणि पुढच्या शतकात होयसळ विष्णुवर्धनाने ती जिंकून कीर्तिनारायणाचे मंदिर बांधले. त्या वैभवावर पुढे वाळूचे ढीग चढले. लोककथा याचा दोष अलमेलम्मेच्या शापाला देते. १६१० मध्ये राजा वोडेयर याने श्रीरंगपट्टण घेतले, त्यानंतर दागिन्यांसाठी पाठलाग झाल्याने तिने कावेरीत उडी घेतली. तलकाड वाळूमय होवो, मालंगीला डोह पडो आणि म्हैसूरच्या राजांना संतान न लाभो, असे ती म्हणाली, अशी ही कथा आहे.

काही अभ्यासक वेगळे कारण देतात. विजयनगरच्या काळात माधवमंत्र्याच्या नावाचा बंधारा झाला. प्रवाह क्षीण होऊन पात्रातील वाळू उघडी पडली, आणि वाऱ्याने ती काठावर लोटली, असे त्यांचे मत आहे. शेतीला पाणी देणारे हातच नकळत नगरीवर वाळू लोटण्यास कारण झाले, असा याचा अर्थ. आज कावेरीवर कृष्णराजसागर आणि कबिनीवर १९७४ चे धरण आहे; संगमाला पाणी किती मिळावे, हे बरेचसे माणसाच्या हाती आले आहे. शापाची गोष्ट ऐकताना बंधाऱ्याचीही आठवण ठेवलेली बरी.