‘व्हेंच्युरी’ या शब्दावरील तळटीप

१. व्हेंच्युरी : मूळ लेखकाने हा शब्द खुलाशावाचून योजिला असल्यामुळे येथे चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड या तालुक्यांतील द्राक्षबागाईतदार ठिबकाच्या पाण्यात विद्राव्य खत मिसळण्यासाठी मध्ये निमुळती असलेली जी आखूड नळी बसवितात, ती वस्तुतः इजेक्टर पंपाचेच लहान रूप होय. जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून तिला हे नाव पडले. मुख्य वाहिनीवरील व्हॉल्व्ह थोडा आवळला, की पाणी नळीच्या या उपमार्गाने धावते, निमुळत्या गळ्यापाशी त्याचा वेग वाढून दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरतो, आणि खताच्या टाकीत सोडलेल्या पारदर्शक नळीतून खताचे द्रावण थरथरत वर चढू लागते. नळीच्या आतील हा प्रवाह डोळ्यांना दिसावा म्हणून अभ्यासक, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचनळीत सोडली तशी रंगाची धार पारदर्शक प्रतिकृतीत सोडतात, अथवा संगणकावर नळीच्या पोकळीचे हजारो सूक्ष्म कोष कल्पून प्रत्येकातील वस्तुमान व संवेग यांचा हिशेब जुळवितात. वेगवान धार आणि संथ द्रव यांच्या सीमेवर भोवरे उठून संवेगाची देवघेव होते व ऊर्जेचा मोठा हिस्सा तेथेच खर्ची पडतो. दाब फारच उतरला तर बाष्पाचे बुडबुडे उठून शोषण खुंटते. म्हणून बागाईतदाराने नळीच्या दोन्ही टोकांचे दाबमापक आधी पाहावेत. खत किती ओढले जाईल, हे मुख्यतः त्या दोन आकड्यांतील अंतरावर ठरते. — संपादक